पहिली गाडी कुणाला विकली? ओल्ड्स, विंटन आणि फोर्ड यांच्या आरंभीच्या विक्रीचा माग काढण्याच्या वाटा

मिशिगन राज्यातील लान्सिंग गावी रॅन्सम ईलाय ओल्ड्स यांनी बांधलेली वाफेची एक गाडी १८९३ साली ४०० डॉलरना विकली गेली आणि ती घेणाऱ्या फ्रान्सिस टाइम्स या ब्रिटिश कंपनीला ती आपल्या मुंबईच्या शाखेसाठी हवी होती, असे मोटारीच्या इतिहासात वर्षानुवर्षे सांगितले जाते. अमेरिकेतून परदेशी विकली गेलेली पहिली मोटारगाडी असेही तिचे वर्णन केले जाते. पुढे ओल्ड्समोबाइल या नावाने जगभर पोहोचलेल्या उद्योगाच्या विक्रीचे पहिले पान उघडायचे, तर त्याचे एक टोक लान्सिंगला आणि दुसरे थेट आपल्या मुंबई बंदरात शोधावे लागते. विक्रीची हकिकत सर्वत्र आढळते. परंतु ती गाडी बंदरावर उतरली, रस्त्यावर धावली, कुणी पाहिली, याला भक्कम पुराव्याचा आधार मिळालेला नाही.

असा माग काढायला बसणाऱ्याला सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. कारखान्याच्या वह्या शोधायच्या, त्या काळची नियतकालिके चाळायची, संस्थापकांच्या आठवणींवर विसंबायचे, टिकून राहिलेल्या गाडीवरील क्रमांक वाचायचा, की गाडी विकत घेणाऱ्याच्या बाजूने शोध सुरू करायचा? प्रत्येक वाटेला वेळ आणि पैसा लागतो आणि प्रत्येक वाट प्रत्येक कारखान्याच्या बाबतीत सारखीच उपयोगी पडत नाही. ओल्ड्स, विंटन आणि फोर्ड या तीन अमेरिकी कारखान्यांच्या पहिल्या विक्रीचे पुरावे शेजारी शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट दिसतो.

कारखान्याच्या वह्यांची वाट फोर्डच्या बाबतीत उत्तम चालते. फोर्ड मोटर कंपनीची नोंदणी १६ जून १९०३ रोजी झाली, तेव्हा भागीदारांनी रोख भरलेली रक्कम २८,००० डॉलर होती. सुटे भाग, मजुरी आणि डॉज बंधूंकडून घेतलेल्या इंजिनांची देणी यांत हा पैसा इतक्या झपाट्याने संपला की जुलैच्या पूर्वार्धात बँकेत अवघे २२३ डॉलर ६५ सेंट उरले. १५ जुलै रोजी तीन गाड्यांचे पैसे जमा झाले. शिकागोचे दंतवैद्य अर्न्स्ट फेनिग यांनी पूर्ण ८५० डॉलर भरले, तर उरलेल्या दोन गाड्यांपोटी ३०० आणि १७० डॉलरचा इसार आला. एका दिवसाच्या या १,३२० डॉलरनी कंपनी तरली. हिशेबाचा कारभार जेम्स कझेन्स या अत्यंत काटेकोर माणसाच्या हाती होता आणि आरंभीची कागदपत्रे पुढे डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात जपली गेली, म्हणूनच ही कहाणी सेंटपर्यंत सांगता येते. ज्या संस्थापकाचा कारभारी नेटका, त्याच्या इतिहासकाराचे अर्धे काम आधीच झालेले असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तरीही याच नेटक्या वह्यांमधून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला धडा नावाचा आहे. त्या दंतवैद्यांचे आडनाव काही ठिकाणी फेनिग तर काही ठिकाणी फेनिंग असे लिहिलेले आढळते आणि एका अक्षराच्या या फरकामुळे जनगणनेच्या किंवा शहराच्या डिरेक्टरीच्या यादीत माणूस हातचा निसटू शकतो. दुसरा धडा क्रमांकाचा आहे. त्या पहिल्या तीन गाड्यांपैकी एक गाडी आजही अस्तित्वात आहे. १७० डॉलर इसार देऊन आयोवा राज्यातल्या ब्रिट गावच्या एका लोणी बनवणाऱ्या व्यावसायिकाने घेतलेली ही मॉडेल ए गाडी २०१२ साली लिलावात हेन्री फोर्ड यांचे पणतू विल्यम क्ले फोर्ड ज्युनियर यांनी विकत घेतली. तिच्या चेसिसचा क्रमांक ३० आहे. पहिल्या तीन विक्रींमधल्या गाडीवर तिसावा क्रमांक असावा, याचा अर्थ क्रमांक हा विक्रीचा क्रम नव्हे. गाड्या ज्या क्रमाने बांधायला घेतल्या त्याच क्रमाने त्या कारखान्याबाहेर पडल्या, असे केवळ क्रमांकावरून गृहीत धरणाऱ्याची फसगत होते. खतावणीतली रक्कम आणि गाडीवरचा क्रमांक एकमेकांशी जुळले, तरच त्या पुराव्यावर पूर्ण विश्वास ठेवता येतो. फोर्डच्या या एका गाडीत ते दोन्ही जुळतात आणि म्हणूनच ती इतकी मोलाची आहे.

‘विक्री’ या शब्दाखाली किती वेगवेगळ्या तारखा दडलेल्या असतात, हेही येथे लक्षात घ्यावे. मागणी नोंदवली तो दिवस, इसार आला तो दिवस, पूर्ण रक्कम जमा झाली तो दिवस, गाडी रेल्वेच्या वाघिणीत चढवली तो दिवस आणि ती गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचली तो दिवस, असे पाच दिवस वेगवेगळे असू शकतात. दोन कारखान्यांच्या पहिल्या विक्रीची तुलना करताना एकाचा इसाराचा दिवस आणि दुसऱ्याचा पोहोचवण्याचा दिवस शेजारी ठेवला, तर ती तुलनाच राहत नाही.

विंटनची गोष्ट वेगळ्या कारणाने बोधप्रद आहे. स्कॉटलंडमधून आलेले आणि क्लीव्हलंडमध्ये सायकलींचा कारखाना चालवणारे अलेक्झांडर विंटन यांनी १८९७ च्या मार्चमध्ये मोटारीची कंपनी स्थापन केली आणि २४ मार्च १८९८ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या पोर्ट कार्बन येथील रॉबर्ट अ‍ॅलिसन या वयोवृद्ध यांत्रिकी अभियंत्यांना १,००० डॉलरना पहिली गाडी विकली. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तारीख, रक्कम, सारे काही येथे हाती आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ओहायोतील वॉरन गावच्या जेम्स वॉर्ड पॅकर्ड यांनीही विंटन घेतली. तिच्या कामगिरीवर ते नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची गाडी बांधली. पॅकर्ड पुढे स्वतः नामांकित कारखानदार झाल्यामुळे त्यांची ती खरेदी इतिहासात टिकून राहिली, म्हणजेच विक्रेत्याच्या विक्रीची साक्ष गिऱ्हाइकाच्या चरित्रातून मिळते. ही बाजू विंटनच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडते.

परंतु विंटनच्या त्या विक्रीला पुढे ‘अमेरिकेत विकली गेलेली पहिली मोटार’ असे बिरुद चिकटले आणि तेथे घोटाळा झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे ड्युरिया बंधूंच्या कंपनीने १८९६ सालीच एकाच नमुन्याच्या तेरा गाड्या बांधल्या होत्या आणि त्या विकल्याही होत्या. म्हणजे विंटनची तारीख अचूक असली, तरी तिच्यापुढे लावलेले ‘पहिली’ हे विशेषण चुकीचे होते. हा फरक ओळखायला कंपनीच्या जाहिराती कधीच मदत करत नाहीत. अचूक तारखेमुळे चुकीचा दावाही विश्वासार्ह वाटू लागतो, हे या प्रकरणातून नीट ध्यानात ठेवावे.

आता ओल्ड्सकडे वळू या, कारण या तिघांत सर्वांत अवघड आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा माग त्यांचाच आहे. त्यांचा कारभार एकाच नावाखाली आणि एकाच गावी चाललेला नाही. वडिलांच्या लान्सिंगमधल्या यंत्रशाळेत १८८७ साली त्यांनी वाफेची तीनचाकी बांधली. त्यानंतरची चारचाकी वाफेची गाडी १८९२ मध्ये प्रकाशझोतात आली. ऑगस्ट १८९६ मध्ये त्यांनी पेट्रोलवरची गाडी चालवून दाखवली. २१ ऑगस्ट १८९७ रोजी ओल्ड्स मोटर व्हेइकल कंपनी उभी राहिली. आणि १८९९ च्या मे महिन्यात सॅम्युएल स्मिथ यांच्या भांडवलावर ओल्ड्स मोटर वर्क्स स्थापन होऊन कारखाना डेट्रॉइटला गेला. ९ मार्च १९०१ रोजी तो डेट्रॉइटचा कारखाना आगीत जळाला. संस्थापक स्वतः १९०४ मध्ये बाहेर पडले आणि १९०८ मध्ये कंपनी जनरल मोटर्सकडे गेली. इतक्या वेळा नाव, गाव आणि मालक बदलल्यावर, मध्ये आग लागल्यावर, १८९३ सालच्या एका गाडीची रोजकीर्द शोधत बसणे म्हणजे वर्ष घालवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. फोर्डच्या बाबतीत जी वाट सर्वांत आधी धरावी, ती ओल्ड्सच्या बाबतीत सर्वांत शेवटी धरावी.

१९०१ नंतरच्या ओल्ड्सबाबत आकडे मुबलक आहेत. पुढचा भाग वळवलेली ६५० डॉलरची लहान गाडी त्या वर्षी ४२५ आणि पुढच्या वर्षी २,५०० बांधली गेली. मात्र हे बांधलेल्या गाड्यांचे आकडे आहेत, विकलेल्या गाड्यांचे नव्हेत, आणि त्यांना विक्रीच्या नोंदी म्हणून उद्धृत करणे चूक आहे.

छापील नियतकालिकांची वाट ओल्ड्सला बरीच साथ देते. सायंटिफिक अमेरिकनच्या २१ मे १८९२ च्या अंकात त्यांच्या वाफेच्या गाडीचे सचित्र वर्णन आले. बॉयलरखाली पेट्रोल जाळून वाफ तयार करणारी ही गाडी घोड्यासारखी लाथ मारत नाही, चावत नाही आणि रस्त्यावर असतानाच तेवढे खाते, अशा अर्थाची ओल्ड्स यांची भलामण तेथे छापली आहे. परदेशी खरेदीदाराचे लक्ष वेधले गेले ते या लेखामुळे, असे मानले जाते. विक्री होण्यापूर्वीच गाडीचे रूप आणि यंत्रणा छापून ठेवणारा हा लेख पुरावा म्हणून फार महत्त्वाचा आहे, कारण मुंबईत अशा गाडीचे वर्णन कुठे सापडलेच, तर ते याच्याशी ताडून पाहता येईल. केवळ मोटारींना वाहिलेली अमेरिकी नियतकालिके १८९५ च्या अखेरीस सुरू झाली. त्यामुळे विंटन आणि फोर्ड यांना जी साथ मिळाली, ती १८९३ च्या ओल्ड्सला मिळू शकली नाही.

संस्थापकांच्या आठवणींबद्दल थोडक्यात सांगतो. चार्ल्स आणि फ्रँक या सख्ख्या ड्युरिया बंधूंमध्ये पहिल्या गाडीचे श्रेय कुणाचे, यावरून आयुष्यभर वाद चालला. दोघेही प्रत्यक्ष हजर होते, तरी दोघांच्या हकिकती जुळत नाहीत. आठवणी दुवे शोधण्यासाठी वाचाव्यात, तारखा ठरवण्यासाठी नव्हे.

सरकारी नोंदणीची वाटही या काळापुरती बंदच समजावी. न्यूयॉर्क राज्याने १९०१ साली आणि मिशिगनने १९०५ साली गाड्यांची नोंदणी सुरू केली, ब्रिटनमध्ये ती १ जानेवारी १९०४ पासून आली आणि संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठीचा मोटार वाहन कायदा १९१४ चा आहे.

उरते ती खरेदीदाराच्या बाजूची वाट आणि ओल्ड्सच्या गाडीसाठी मी तीच सुचवतो. पहिला प्रश्न गाडीचा नाहीच. तो शाखेचा आहे. फ्रान्सिस टाइम्स कंपनीचा मुंबईतला पत्ता, व्यवस्थापकाचे नाव आणि व्यवसाय हे थॅकर्स इंडियन डिरेक्टरीच्या १८९३ आणि १८९४ च्या खंडांत पाहावे. पत्ता मिळाला की टाइम्स ऑफ इंडिया आणि बॉम्बे गॅझेट यांतील बोटींच्या आगमनाचे रकाने वाचावेत आणि काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात बंदर व जकात खात्याच्या दप्तरांची चौकशी करावी. व्यापाराच्या वार्षिक विवरणांत माल प्रकारवार एकत्र मांडलेला असतो, त्यामुळे एकट्या गाडीसाठी ती फारशी कामाची नाहीत.

वृत्तपत्रे वाचताना शब्दांचे भान फार आवश्यक आहे. १८९३ साली ‘मोटार’ हा शब्द मराठीत रुळलेला नव्हता, म्हणून त्या शब्दावर शोध घेतला तर हाती काही लागणार नाही. इंग्रजी वार्ताहराने तिला ‘स्टीम कॅरेज’ किंवा ‘रोड लोकोमोटिव्ह’ म्हटले असणे संभवते, तर केसरी, इंदुप्रकाश किंवा ज्ञानप्रकाश यांच्या वार्ताहराने ‘वाफेची गाडी’ किंवा ‘घोड्यावाचून चालणारी गाडी’ असे काही लिहिले असेल. ‘आगगाडी’ हा शब्द तोवर रेल्वेने घेतला होता, हेही विसरू नये. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील दंगलीने मुंबईच्या पत्रांचे रकाने भरून गेले होते, तेव्हा एखाद्या यंत्राची बातमी आतल्या पानावर चार ओळींत दडलेली असू शकते. हे काम पाने उलटूनच करावे लागेल.

तेव्हा ज्याच्याकडे एखादी जुनी गाडी आहे आणि तिचे वय ठरवायचे आहे, त्याने चेसिस क्रमांकापासून आरंभ करून कारखान्याच्या खतावणीकडे जावे आणि दोन्ही जुळल्याशिवाय वर्ष जाहीर करू नये. ज्याला चार-सहा महिन्यांत पूर्ण होईल असा अभ्यास हवा आहे, त्याने फोर्ड निवडावा, कारण कागद एकाच ठिकाणी आहेत. ‘पहिली’ या दाव्यांची शहानिशा करण्यात ज्याला रस आहे, त्याला विंटन आणि ड्युरिया यांची जोडी पुरेसे काम देईल. आणि जो मुंबईत किंवा मुंबईजवळ राहतो, मराठी, इंग्रजी आणि जमल्यास गुजराती पत्रे वाचू शकतो, त्याने ओल्ड्स निवडावा, कारण लान्सिंगमध्ये बसलेल्या कोणत्याही अभ्यासकापेक्षा या गाडीच्या दुसऱ्या टोकाशी तोच अधिक जवळ आहे. त्याने एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन आधी डिरेक्टरीचा १८९३ चा खंड मागावा आणि व्यापारी पेढ्यांच्या यादीत ‘टाइम्स’ तसेच ‘फ्रान्सिस’ या दोन्ही नावांखाली पाहावे.