माझीच शिकवणी मला सहा लाखांना विकली

ऑक्टोबर 2025, ऐन दिवाळीचा आठवडा. चकलीचा सोऱ्या हातात असताना पोस्टमन स्पीड पोस्टाचं जाड पाकीट देऊन गेला. आत इंग्रजीत वकिलाची नोटीस होती. मी माझ्या राहत्या घरात, माझ्याच हॉलमध्ये सतरंजी अंथरून मुलांचा अभ्यास घेते म्हणून माझ्याकडे 5 लाख रुपयांची नुकसानभरपाई मागितली होती. मागणारे कोण, तर ज्यांनी माझ्याकडून आधीच 5 लाख 98 हजार घेतले होते तेच.

हे सगळं लिहायला मला खूप दिवस लागले. फसवलं गेल्याचं दुःख असतं त्याहून जास्त लाज असते, आणि त्या लाजेवरच या लोकांचं पोट चालतं.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. 11 वर्षं घरी शिकवणी घेत होते. पहिली ते सातवीची 11 मुलं, प्रत्येकी महिन्याला 900 रुपये. शिवाय 3 मुलं शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायची, जेवायची, झोपायची, अभ्यास करायची आणि आई ठाण्याहून किंवा दादरहून परतली की घरी जायची. त्यांचे 3,500. म्हणजे महिन्याला वीस हजार आणि वर चारशे. पावसात गाड्या बंद पडल्या की हीच मुलं रात्री दहापर्यंत माझ्याकडे पिठलंभात खायची, त्याचे पैसे मी कधी लावले नाहीत. कुणाच्या आईला लावणार?

मग लोभ कशाचा सुटला? खरं सांगू, पैशाचा नव्हे. नणंदेच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "अजून शिकवण्याच घेतेस का गं?" त्यातला तो 'च' मला लागला. त्यानंतर आठच दिवसांत फोनवर ती जाहिरात दिसली. शाळेनंतरचं संगोपन आणि शिकवणी केंद्र, नामांकित ब्रँड, महिला उद्योजकांना प्राधान्य. पदवीदानाची टोपी घातलेला हसरा हत्ती. मी नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन वाजला.

बोलणारा मुलगा पुण्याचा, स्वच्छ मराठी, पहिल्या वाक्यापासून 'ताई'. हिंदीतून कुणी बोललं असतं तर मी सावध राहिले असते, हे आता कबूल करते. त्याने मला विकलं काहीच नाही, फक्त विचारत गेला. किती मुलं, किती फी, पालक कुठे नोकरीला, सोसायटीत किती घरं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आत्ता काकू आहात. आमच्याबरोबर आलात तर सेंटर डायरेक्टर." शेवटी हळूच म्हणाला, तुमच्या पिनकोडला एकच केंद्र द्यायचंय आणि कल्याणच्या एका मॅडम मागे लागल्यात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला होता, ती घटना घडून तेव्हा फार महिने झाले नव्हते. आपल्याकडचे पालक मुलांना कुठेही सोडताना दहादा विचार करत होते. त्याने तेही वापरलं. "घरगुती ठिकाणी आता कोण मूल ठेवणार, ताई? कॅमेरे असलेलं, नाव असलेलं केंद्रच चालणार." हे आठवलं की अजून अंगाची लाही होते.

वाशीच्या एका हॉटेलात बैठक झाली. चहा, समोसे, पडद्यावर आकडे. 'सहा महिन्यांत खर्च वसूल, पहिल्या वर्षी 40 प्रवेशांची हमी.' भिंतीवर दोन प्रमाणपत्रं, एकावर मंत्रालयाचं बोधचिन्ह. 'सरकारमान्य' हा शब्द निदान दहा वेळा ऐकला. नंतर कळलं की ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदीचं, प्रमाणपत्र होतं. ते ऑनलाइन, फुकट, स्वतःची माहिती स्वतःच भरून कुणालाही मिळतं, पापडाचा धंदा असो की पंक्चरचा. शिक्षणाच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरं आयएसओचं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं ठरवते. प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, आणि त्यांतली कुठली खरी, कुठली दोन हजारांत कागद छापून देणारी, हे बघावं लागतं. मी फ्रेम बघितली.

मी अगदीच डोळे मिटून गेले असंही नाही. आधीच्या केंद्रचालकांशी बोलायचंय म्हटलं, तर त्यांनी लगेच तीन नंबर दिले. नाशिकच्या मॅडम फार छान बोलल्या. "डोळे झाकून घ्या, ताई, मी तर दुसरं सेंटर काढतेय." तिघींनीही कौतुकच केलं. त्यांनीच दिलेल्या नंबरांवर दुसरं काय ऐकू येणार?

पैसे तुकड्यातुकड्याने गेले. पिनकोड 'राखून ठेवायला' 25,000. मग फ्रँचायझी फी, म्हणजे त्यांचं नाव वापरून केंद्र चालवायची फी, 3 लाख 50 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी 63,000, त्यातून आधीचे 25,000 वजा. मग साहित्य, कॅमेरे, बोर्ड, ॲप मिळून 1 लाख 85 हजार. दर वेळी 'एवढं दिलंय, आता थोडक्यासाठी कुठे अडायचं' असं वाटायचं. 3 लाख सोन्यावरच्या कर्जाचे, बाकी मोडलेल्या मुदत ठेवीचे. नवरा एकदाच म्हणाला, "करार आधी वाच ना." मी म्हटलं, ते पाठवणारच आहेत.

करार आला तो सगळे पैसे पोचल्यावर, जानेवारी 2025 मध्ये. 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर आणि मागे 22 पानं इंग्रजी. 40 प्रवेशांची हमी त्यात कुठेही नव्हती. होतं ते 'शक्य तितके प्रयत्न' अशा अर्थाचं वाक्य. फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. वाद झाला तर कोर्टाऐवजी लवाद, म्हणजे खासगी पंच, तोही पार हरियाणात गुरुग्रामला, आणि तो नेमणार तेच. आणि 17 व्या पानावर असं की करार संपल्यावर 3 वर्षं, 10 किलोमीटरच्या आत, मी अशा प्रकारचं कोणतंही काम करायचं नाही. त्या पानावर माझी सही आहे. मी ते पान वाचलं नव्हतं.

फेब्रुवारीपासून तळमजल्याचा गाळा 22,000 भाड्याने घेतला, अनामत 1 लाख. साहित्याची खोकी उघडली तर अभ्यासपुस्तिकांच्या झेरॉक्स प्रती. काही पानांवर तर दुसऱ्याच संकेतस्थळाचं नाव कोपऱ्यात अर्धवट खोडलेलं. खेळणी क्रॉफर्ड मार्केटात आठ-दहा हजारांत आली असती, अशी. 'शिक्षकांचं प्रशिक्षण' म्हणजे दोन तासांची ऑनलाइन बैठक, त्यातला पाऊण तास कंपनीचं गुणगान. एप्रिलमध्ये केंद्र उघडलं. माझी जुनी 14 मुलं होती, त्यांतली 9 आली. बाकीच्यांना वाढलेली फी परवडली नाही. नवीन आली 4. त्या चौघांच्याही आयांनी मला सांगितलं की त्या हत्तीला बघून आल्या नव्हत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी वहिनींनी माझं नाव सांगितलं म्हणून आल्या होत्या. (वहिनींचं आडनाव बदललंय.)

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पलीकडच्या रस्त्यावर, माझ्या गाळ्यापासून चालत सात मिनिटांवर, तोच हत्ती लटकलेला दिसला. त्याच पिनकोडमध्ये. मी तावातावाने आत गेले. समोर माझ्यापेक्षा तरुण मुलगी, मांडीवर स्वतःचं बाळ, समोर तीन विद्यार्थी. तिला 'डोंबिवलीच्या एक मॅडम मागे लागल्यात' असं सांगून घाई केली होती. त्या मॅडम म्हणजे मी! तिलाही तीन नंबर दिले होते. त्यातल्या कोल्हापूरच्या मॅडम काय म्हणाल्या, असं विचारलं तर ती म्हणाली, "डोळे झाकून घ्या, ताई." आम्ही तिथेच तिच्या फोनवरून तो नंबर लावला. आवाज माझ्या नाशिकच्या मॅडमचाच होता. मी नाव सांगितल्यावर फोन कट.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून जे केलं, ते आधी करायला एक रुपयाही लागला नसता. जीएसटीच्या संकेतस्थळावर पावतीवरचा 15 अंकी-अक्षरी क्रमांक टाकला. सुरुवातीला 06, म्हणजे हरियाणाची नोंदणी, आणि स्थिती 'रद्द', तीही आमच्या पैशांच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे जीएसटीच्या नावाखाली घेतलेले माझे 63,000 सरकारकडे गेलेच नव्हते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापना 2023 ची निघाली. माहितीपत्रकात '15 वर्षांचा अनुभव' होता. भरणा झालेलं भांडवल 1 लाख. हत्तीशेजारी गोलातला आर होता, म्हणजे बोधचिन्हाची नोंदणी झाल्याचा दावा. ट्रेडमार्क नोंदणीच्या शोधात तो अर्ज आक्षेपात अडकलेला. नोंदणी नसताना ती आहे असं दाखवणं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली बेकायदेशीर आहे. आणि पैसे ज्या खात्यात गेले ते कंपनीचं नव्हतंच, कुठल्याशा एका माणसाच्या एकल मालकीच्या फर्मचं होतं. हे तर माझ्या बँकेच्या संदेशात पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी रक्कम बघायचे, नाव नाही.

पोलिसांत गेलो. हा दिवाणी वाद आहे, असं ऐकून घ्यावं लागलं. तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. दोघींनी स्वतंत्र अर्ज दिले, कारण एकच माणूस दोघींशी सारखंच खोटं बोलला हे कागदावर दिसलं की निव्वळ कराराचा भंग आणि आधीपासूनची फसवणूक यांतला फरक दिसायला लागतो. हे आम्हाला वकील बाईंनी सांगितलं. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे अमुक माहिती आधी द्यायलाच हवी असं बंधन यांच्यावर कुणी घातलेलं नाही. सगळं 1872 च्या करार कायद्यावर आणि आपल्या सहीवर.

ऑगस्टअखेर गाळा सोडला. 7 महिन्यांचं भाडं 1 लाख 54 हजार गेलं, अनामत मात्र मालकाने पूर्ण परत केली, भला माणूस. सप्टेंबरात पुन्हा हॉलमध्ये सतरंजी अंथरली. आणि दिवाळीत ती नोटीस. त्या 17 व्या पानाच्या जोरावर.

मी तीन दिवस झोपले नाही. मुलांना 'उद्यापासून येऊ नका' सांगायच्या बेतात होते. वकील बाईंनी नोटीस वाचली आणि चष्मा काढून हसल्या. करार कायद्याचं कलम 27: कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल. करार चालू असताना काही बंधनं टिकतात, पण संपल्यावर पोटापाण्याचं काम करू नको ही अट आपल्या न्यायालयांत टिकत नाही. हे त्यांनाही माहीत असणार. नोटीस होती ती आम्ही तक्रार करू नये म्हणून.

आम्ही ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते, गुरुग्रामला जावं लागत नाही, आणि लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. माझ्या रकमेला शुल्क 200 रुपये. समोरचे म्हणणार की ही व्यावसायिक खरेदी, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणून स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली सेवा हा अपवाद आम्ही अर्जात ठळक मांडलाय. 11 वर्षांची फीची वही त्यासाठीच जोडली. निळ्या शाईची, डागाळलेली, कोपऱ्यात कुणीतरी विमान काढलेलं.

पहिल्या तारखेला समोरचं कुणी आलं नाही. त्यांच्या पत्त्यावरचं पाकीट 'सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं. आता संचालकांच्या घरच्या पत्त्यावर पाठवलंय. त्या मुलीने तिचं केंद्र बंद केलं. तिची तीन मुलं आणि तिचं बाळ आता दुपारी माझ्याकडे असतात, चार ते सहा गणित ती घेते. हत्तीचा फ्लेक्स तेवढा चांगल्या प्रतीचा निघाला. गॅलरीत उलटा करून बांधलाय, पावसाचं पाणी आत येत नाही.