गारपिटीनंतर छताचा विमा दावा: दुरुस्ती आणि एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावरची गारपीट, विमा कंपनीकडे दावा, छताची दुरुस्ती आणि दुरुस्त छतावरून गेलेला एक पूर्ण पावसाळा, इतकं झाल्यावर हे लिहीत आहोत. पॉलिसी 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. मूळ मजकूर सगळीकडे एकच असल्याने कंपनी कोणती हा प्रश्न इथे गौण आहे. मत आधीच सांगतो: पॉलिसी चांगली आहे आणि पत्र्याच्या किंवा कौलांच्या घराला तर ती हवीच. पण दावा मंजूर किती होणार हे पॉलिसीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. गारेने आज फुटलेला पत्रा आणि गेल्या वर्षीच तडकलेला पत्रा यांतला फरक तुम्हाला दुरुस्तीच्या आधी दाखवता आला पाहिजे. सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा माणूस, येऊन शोधतो तोही हाच फरक.

सिमेंटचे पत्रे: सगळ्यात जास्त नुकसान आणि सगळ्यात जास्त वाद

विदर्भ-मराठवाड्यात आणि नाशिक-सोलापूरकडे अजून असंख्य घरांवर ६ मिमी जाडीचे नागमोडी सिमेंट पत्रे आहेत. पत्रा जुना होत जातो तसा ठिसूळ होतो, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली की पहिला बळी त्याचाच जातो.

भोक पडलं असेल तर ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. भर दुपारी खोलीतले दिवे मालवून, खिडक्या बंद करून वर बघा, प्रत्येक भोकातून उजेड येतो. अवघड असतात त्या केसाएवढ्या चिरा. त्यासाठी वरून पाणी सोडायचं, पण पन्हाळीच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे जायचं. उलट केलं तर वरचं पाणी खाली वाहत येतं आणि गळती नक्की कुठल्या पत्र्यातून आहे ते कळत नाही. आत एक माणूस खडू घेऊन उभा राहतो आणि ओली रेघ दिसली की तिथेच खूण करतो. हाताला लागतील त्या पत्र्यांवर नाणं वाजवून पाहा: धड पत्रा खणखणीत वाजतो, तडकलेला भद्द आवाज देतो.

चीर कशाने पडली हे तिच्या आकारावरून कळतं. गारेची चीर एका बिंदूपासून चारी बाजूंना चांदणीसारखी फाकते. तो बिंदू पत्र्यावर कुठेही असू शकतो, बहुतेक वेळा नागमोडीच्या उंचवट्यावर, आणि त्याच्या खालच्या अंगाला टवका उडालेला असतो. पत्रा धरणाऱ्या 'J' आकाराच्या बोल्टच्या भोकातून सुरू होणारी चीर गारेची नसते, ती बोल्ट जास्त आवळल्याने किंवा उन्हाने पत्रा ताणल्याने पडते. नागमोडीच्या लांबीने सरळ जाणारी चीर बहुधा कुणीतरी वर चालल्याची असते. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत हा प्रकार फार, आणि सर्व्हेअरला ते पक्कं ठाऊक असतं. चिरेचा रंगही बघा. ताज्या तुटीची कड स्वच्छ, फिकट राखाडी आणि धारदार असते, जुन्या चिरेत काळपट शेवाळ आणि माती बसलेली असते, कडा झिजलेल्या असतात. वावटळीची माती एकदा बसली की हा फरक पुसट होतो, म्हणून जवळून घेतलेले फोटो पहिल्या एक-दोन दिवसांतच हवेत.

इथे जिवाचा प्रश्न आहे म्हणून ठळक सांगतो: सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. किमान दोन आडव्या अँगलवर टेकेल अशी जाड फळी टाकायची आणि बोल्टच्या रांगेवरूनच सरकायचं. गारेने तडकलेला पत्रा वरून धड दिसतो आणि माणसासकट खाली येतो. शिवाय या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तुकडे कोरडे झाडू नका, तोडू नका. पाणी मारून, चांगला मास्क लावून उचला आणि जाड प्लास्टिकच्या पोत्यात बांधा. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही.

रंगीत पत्रा, कौलं, गच्ची

रंगीत धातूच्या पत्र्याला भोक क्वचित पडतं, पोचे पडतात. डोक्यावरच्या उन्हात ते दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उजेडात बघा, किंवा खडूचं सपाट अंग पत्र्यावरून फिरवा, पोच्याच्या जागी खडू लागत नाही. ०.५० मिमी पत्र्यावर उथळ खळगा पडतो तिथे ०.३० मिमीचा पत्रा चांगलाच दबतो. नुसते पोचे म्हणजे दिसण्याचं नुकसान, असं म्हणून ते दाव्यातून बाजूला काढले जातात. म्हणून कामाचं नुकसान वेगळं नोंदवा: पोच्याच्या तळाशी रंगाचा थर फुटून आतला धातू उघडा पडला आहे का, दोन पत्र्यांच्या जोडावरची घडी दबून फट पडली आहे का, स्क्रूखालचं रबरी वॉशर सरकलं किंवा फाटलं आहे का. उजेडासाठी मध्ये बसवलेले फायबरचे पत्रे सगळ्यात आधी फुटतात, त्यांची वेगळी ओळ करा.

मंगलोरी कौलं फुटलेली लगेच दिसतात. मागच्या खाचेत तडकलेलं कौल मात्र जागेवरच बसून राहतं आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात घसरतं. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं धरून हिशेब करा.

काँक्रीटच्या गच्चीला गार फोडू शकत नाही. तिथे त्रास होतो तो गारा आणि पाला पाइपच्या तोंडाशी अडकून, पाणी तुंबून आत झिरपल्याचा. गच्चीवर सौर बंब असेल तर काचेच्या नळ्यांची बंद टोकं बघा. चंदेरी टोक पांढरं पडलं असेल तर नळी अखंड दिसत असली तरी तिच्यातली निर्वात पोकळी गेलेली आहे. सौर पॅनेलची प्रमाणित चाचणी २५ मिमीच्या बर्फाच्या गोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने होते. त्याहून मोठ्या गारा पडल्या असतील तर काच धड असूनही आतल्या सेलला चिरा असू शकतात, म्हणून इन्व्हर्टरवरचे गारपिटीच्या आधीचे आणि नंतरचे युनिटचे आकडे जपून ठेवा.

पॉलिसीत नेमकं काय आहे

पॉलिसीतल्या संकटांच्या यादीत 'गारपीट' असा स्वतंत्र शब्द नाही. यादीत वादळ आहे, चक्रीवादळ आहे, पूर आहे आणि बाहेरच्या वस्तूच्या आघाताने झालेलं नुकसानही आहे. म्हणून दाव्याच्या अर्जात नुसतं 'गारा पडून पत्रे फुटले' असं लिहू नका. 'अमुक तारखेला अमुक वाजता वादळी वाऱ्यासह गारपीट झाली, गारांच्या आघाताने छताचं नुकसान झालं आणि त्यातून पाणी आत आलं' असं लिहा. घडलं ते तसंच असतं, फक्त ते पॉलिसीच्या भाषेत बसतं.

जमेच्या बाजू खऱ्या आहेत. विमा रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात दावा कापण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही. कुंपणभिंत, पडवी, कायमची बसवलेली पाण्याची टाकी, सौर पॅनेल हे घराच्या इमारतीतच धरलं जातं. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, असं संरक्षण सोबत येतं. फुटलेल्या पत्र्यांतून भिजलेली गादी, कपाट, टीव्ही यांचा दावा त्याच अर्जात करता येतो, आणि बरेच जण तो करतच नाहीत. राडारोडा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते.

गृहकर्ज असलेल्यांनी एक तपासावंच: बँकेने लावून दिलेला विमा घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा? दुसरा असेल तर छतासाठी त्यातून एक रुपया मिळत नाही.

सर्व्हेअर येईपर्यंत

गारा वितळायच्या आत १० रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिमी आहे, त्यामुळे मोजमाप फोटोतच येतं. मग कंपनीला लगेच फोन आणि ईमेल दोन्ही करा, दावा क्रमांक लिहून घ्या. पूर्ण भरलेला अर्ज नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. पीक विम्याची ७२ तासांची मुदत ही वेगळी गोष्ट आहे. घराच्या बाबतीत त्या गोंधळात पडून कुणी उशीर झाला समजून गप्प बसू नये.

आता सगळ्यात उपयोगी काम. कागदावर छताचा नकाशा काढा, रांगांना अ, ब, क आणि पत्र्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि तेच क्रमांक आतल्या बाजूने खडूने पत्र्यांवर लिहा. प्रत्येक फुटलेल्या पत्र्याचे तीन फोटो: लांबून, जवळून क्रमांकासह आणि चिरेला मोजपट्टी लावून. धड पत्र्यांचाही एकेक फोटो घ्या. धड ते धड म्हणून दाखवलं की उरलेल्यांवर विश्वास बसतो. गारा वाऱ्याबरोबर तिरप्या येतात, त्यामुळे एका उतारावर मार जास्त असतो. त्याच दिशेची खिडकीची जाळी, कूलरचा पत्रा, प्लास्टिकचे पाइप, झाडांची फाटलेली पानं यांचे फोटो जोडा. जुन्या झिजेचा आक्षेप मोडायला याहून चांगला पुरावा नाही.

ताडपत्री लगेच टाका. पुढचं नुकसान टाळणं ही पॉलिसीतली तुमचीच जबाबदारी आहे, तिची पावती जपा आणि दाव्यात लावा. पण पत्रे बदलू नका आणि फुटके तुकडे भंगारवाल्याला देऊ नका. पाहणीच्या आधी नवा पत्रा चढला की जुना कसा फुटला होता हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

एस्टिमेट एकाच आकड्यात घेऊ नका. पत्रे, आढ्यावरचे रिज, 'J' बोल्ट, वॉशर, जुने काढण्याची मजुरी, नवे बसवण्याची मजुरी, वाहतूक, पाड (उभं राहून काम करायला बांधलेला मचाण) अशा वेगळ्या ओळी हव्यात. पत्र्याची रुंदी १.०५ मीटर असली तरी एकावर एक चढवल्याने झाकली जाते ती १.०१ मीटर, हे मापात दिसू द्या. एक ओळ हमखास राहून जाते: 'काढताना फुटणारे शेजारचे पत्रे'. समजा ३० पत्र्यांच्या छतावर ११ फुटले. ते काढायला शेजारच्यांचे बोल्ट सोडावे लागतात आणि जुन्या छतावर त्यात आणखी दोन-तीन हमखास जातात. हे आधी एस्टिमेटमध्ये आणि सर्व्हेअरच्या नोंदीत आलं तर मिळतं. काम झाल्यावर सांगितलं तर मिळणं कठीण.

सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, पंचनाम्याची प्रत आणि त्या तारखेची स्थानिक वर्तमानपत्रातली गारपिटीची बातमी.

पैसे कुठे कापले जातात

पहिलं, सुधारणा. सिमेंटच्या पत्र्याजागी रंगीत पत्रा घातला तर सिमेंटच्या पत्र्याएवढेच पैसे मिळतात, वरचा फरक आपला. अर्धवट नुकसानात छत आधी होतं त्या स्थितीला आणण्याचा खर्च मिळतो. हे न्याय्य आहे, पण ठेकेदाराला होकार देण्याआधी माहीत असावं. दुसरं, पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये एक्सेस, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः सोसायचा भाग, लिहिला असेल तर तेवढी रक्कम वजा होते. तिसरं कुणी सांगत नाही: दावा दिल्यावर विमा रक्कम पुन्हा पूर्ण केली जाते आणि उरलेल्या मुदतीचा त्या प्रमाणातला हप्ता मंजूर रकमेतूनच कापतात. हिशेबाच्या कागदावर ही ओळ दिसली तर ती फसवणूक नव्हे.

२०२४ च्या नियमांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. गारपिटीने शेकडो घरं एकदम फुटतात तेव्हा प्रत्यक्षात हे लांबतं. या पॉलिसीच्या अनुभवातली खरी उणीव हीच, कारण छत उघडं असताना आठवडाही मोठा असतो. तारखांसह ईमेलने विचारत राहा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. तक्रारीला कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही.

तलाठ्याचा पंचनामा वेगळ्या कारणासाठीही करून घ्या. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. छताच्या खर्चापुढे ही रक्कम तुटपुंजी आहे. विमा का हवा ते या आकड्यावरूनच कळतं.

पावसाळ्यानंतर

बदललेले पत्रे टिकले, एकही गळला नाही. गळती आली ती जुना आणि नवा पत्रा एकमेकांवर चढतात त्या जोडांत. जुन्या पत्र्याची नागमोडी वर्षानुवर्षं उन्हात थोडी बसलेली असते, नवा त्यावर तंतोतंत बसत नाही आणि वाऱ्याबरोबरचं पाणी फटीतून वर चढतं. तिथे बिटुमेनची पट्टी घालूनच पत्रा चढवायला हवा, आणि ती ओळही एस्टिमेटमध्येच यायला हवी. केसाएवढ्या चिरांवर वरून लावलेल्या चिकटपट्टीने पावसाळा काढला, पण कडा सुटायला लागल्या आहेत. ते पत्रे बदलूनच घ्यायला हवे होते. पाण्याची चाचणी केलेली असेल तर सर्व्हेअर ते मान्य करतो.

रंगीत पत्रा बसवणाऱ्यांनी सहा महिन्यांनी स्क्रू एकदा तपासून घ्यावेत. वॉशर चपटं होऊन कडेने बाहेर आलं असेल तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे आणि तिथून पुढच्या वर्षी गळणार. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी, शक्यतो गारपिटीच्या दिवसांआधी जानेवारीतच, प्रत्येक क्रमांकाच्या पत्र्याचा तारखेसह फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्याच मापाचे तीन-चार पत्रे किंवा पन्नासेक कौलं भिंतीला टेकवून ठेवलेली असावीत, कारण गारपिटीनंतरच्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानात दोन्ही मिळत नाहीत.