सोनी एफई २० मिमी एफ/१.८ जी: बरेच महिने वापरल्यानंतर

फास्ट वाइड प्राइम (मोठ्या ॲपर्चरची, रुंद कोनाची, झूम नसलेली लेन्स) घ्यायची म्हटलं की सगळी चर्चा एफ/१.४ की एफ/१.८ इथेच अडकते (हा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, मोठं). मीही त्याच प्रश्नापासून सुरुवात केली होती. आज कुणी विचारलं तर आधी एवढंच विचारते, की तुम्ही विषयाच्या किती जवळ जाऊन फोटो काढता?

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २० मिमीचा कोन ९४ अंशांचा, २४ मिमीचा ८४. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण जागेवरून न हलता फोटो काढला तर माणूस पार लहान होतो आणि उरलेली फ्रेम फरशी नाहीतर आकाश खाऊन टाकतं. पुढे सरकलात की हीच लेन्स खुलते. ऑटोफोकसवर ती १९ सेंमीपर्यंत फोकस करते, मॅन्युअलवर १८. हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात काचेपुढे सात-आठ सेंटिमीटरच उरतात. एखादं पान किंवा कारागिराचा हात इतक्या जवळून एफ/१.८ वर घ्या. पान धारदार येतं, मागचं सगळं मऊ होतं, तरीही मागे काय आहे ते ओळखू येतं. टेलिफोटोच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या) ब्लरमध्ये जागाच पुसली जाते, इथे ती राहते. मला या लेन्सचं सर्वात मोठं सुख हेच वाटतं.

लांबच्या विषयाला मात्र ब्लरची अपेक्षा ठेवू नका. एफ/१.८ वर हायपरफोकल अंतर साधारण साडेसात मीटर येतं. तिथे फोकस लावला की पावणेचार मीटरच्या पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट. आठ-दहा मीटरवरच्या माणसाची पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर तुम्हाला वेगळीच लेन्स हवी आहे.

मग एवढं मोठं ॲपर्चर कशाला? प्रकाशासाठी. एफ/२.८ च्या झूमपेक्षा इथे सुमारे २.४ पट प्रकाश मिळतो. जिथे झूमवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागला असता तिथे २५०० वर भागतं. संध्याकाळच्या घरगुती कार्यक्रमांत फ्लॅश बाहेर काढायची वेळ आता क्वचितच येते. सोनीचीच २४ मिमी एफ/१.४ जीएम घेतली तर आणखी दोन तृतीयांश स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). वजन मात्र ३७३ ग्रॅमवरून ४४५ वर जातं आणि किमान फोकस अंतर २४ सेंमी होतं. मला तो सौदा पटला नाही. माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्यांना पटू शकतो.

माणसांवरून आठवलं. ग्रुप फोटोत कडेला कुणाला उभं करू नका. चेहरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. हा लेन्सचा दोष नव्हे, इतका रुंद कोन सपाट चित्रात बसवायचा म्हटल्यावर ते होणारच. लोकांना फ्रेमच्या मधल्या भागात घ्या आणि कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरा.

ताऱ्यांसाठी ही लेन्स मनापासून आवडली. जुना ५०० चा नियम (५०० भागिले फोकल लेंग्थ) २५ सेकंद एक्स्पोजर देतो. हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्यांच्या छोट्या रेघा दिसू लागतात, म्हणून मी १० ते १३ सेकंदांवर थांबते. एवढ्या कमी वेळात आकाशगंगा नीट उमटवायची तर ॲपर्चर मोठंच लागतं. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात का, म्हणजे कोमा किती आहे, हे कुठलीही वाइड घेताना आवर्जून तपासा. इथे एफ/१.८ वरही तो आटोक्यात आहे. कोपऱ्यातला अंधार पूर्ण उघड्या ॲपर्चरला असतो, तसा तो सगळ्याच फास्ट वाइडना असतो, आणि रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) प्रोसेस करताना निघून जातो. फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे इन्फिनिटीला थांबा नाही. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करायचा, तो सर्वात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची, आणि बॅटरी बदलली की पुन्हा तपासायचं.

ॲपर्चर रिंगचा क्लिक बंद करता येतो, व्हिडिओवाल्यांना ते सोयीचं. फिल्टर ६७ मिमीचा, त्यामुळे नेहमीचे बसतात. फक्त पोलरायझर (चमक कमी करणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) मोकळ्या आकाशावर लावू नका. इतक्या रुंद कोनात आकाशाचा एक पट्टाच गडद होतो आणि तो नंतर दुरुस्त करणं जिवावर येतं.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर २० मिमीचा कोन फुल फ्रेमच्या ३० मिमीइतका होतो, म्हणजे वाइडची मजा बरीचशी जाते. त्यांनी सिग्मा १६ मिमी एफ/१.४ पाहावी, तिचा कोन २४ च्या जवळ जातो. फुजीवाल्यांना १६ मिमी एफ/१.४ आहेच, आणि तीही १५ सेंमीपर्यंत जवळ जाते. फुल फ्रेमवाल्यांनी घेण्याआधी हाताशी असलेली झूम २० वर ठेवावी आणि आठवडाभर तिला हात लावू नये. पाय आपोआप पुढे पडू लागले तर ही लेन्स तुमची. सारखं झूम करावंसं वाटलं तर २४ किंवा ३५ बघा.