टीआरएस-८० मॉडेल १००: घ्यावा का, आणि घेतल्यावर आधी काय उघडावं

१९८३ साली रेडिओ शॅकच्या दुकानांत आलेला टँडी कंपनीचा मॉडेल १०० हा काखेत मावणारा संगणक आज घ्यावा का? लिहिण्यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. फक्त तो हातात आल्या आल्या चालू करू नका. आधी पाठ उघडा.

कारण आत मुख्य बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. या यंत्रात डिस्क नाही. लिहिलेलं सगळं रॅममध्येच राहतं, आणि पेन्सिल सेल काढले की ती रॅम याच बॅटरीवर जगते. ३२ केबीचं यंत्र त्यावर साधारण आठवडाभर तग धरतं. चाळीस वर्षांत ही बॅटरी फुटते, आतला अल्कधर्मी द्रव बाहेर येतो आणि तांब्याच्या रेषा खात जातो. बाहेरून चकचकीत दिसणारं यंत्रही आतून हिरवं निघू शकतं.

खालचे चार स्क्रू काढल्यावर दोन्ही भाग पुस्तकासारखे हळूच उघडा. स्क्रीन आणि कीबोर्डच्या केबल वरच्या भागाला जोडलेल्या असतात, ताणू नका. जुनी बॅटरी काढताना पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचलला जाण्याची भीती असते, म्हणून आधी थोडं ताजं सोल्डर लावा, मग वितळलेलं सोल्डर शोषून घ्या. पांढऱ्या व्हिनेगरने डाग पुसा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा, पूर्ण वाळू द्या, आणि मग मल्टिमीटरने आसपासची प्रत्येक रेष तपासा. जागी ३.६ व्होल्टचा लहान निकेल-मेटल हायड्राइड पॅक बसतो. ६० ते ८० एमएएच पुरे. लिथियमचा नाण्यासारखा सेल मात्र थेट लावायचा नाही. हे सर्किट बॅटरी चार्ज करतं, आणि चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये करंट ढकलणं धोक्याचं आहे.

दुसरा रोग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या लहान डब्यांचा. पॉवर सप्लाय पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टमधून अधिक ५ आणि उणे ५ असे दोन व्होल्टेज बनवतो. स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट त्या उणे ५ वर चालतो. म्हणूनच 'बीप वाजतो, पण स्क्रीन कोरी' अशी तक्रार आली की लोक स्क्रीन गेली म्हणून हळहळतात आणि दोष निघतो कपॅसिटरमध्ये. आधी उजव्या बाजूचं कॉन्ट्रास्टचं चाक टोकापर्यंत फिरवून पाहा, मग उणे ५ मोजा. ते कमी असेल तर सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदमच बदला, १०५ अंश सेल्सियस सोसणारे घ्या, उणे बाजूची पट्टी दोनदा बघा. एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही. सगळे एकाच वयाचे आहेत.

खरोखर स्क्रीनच बिघडली असेल तर खूण वेगळी असते. २४० बाय ६४ ठिपक्यांची ही एलसीडी दहा कॉलम ड्रायव्हर चिप चालवतात: पाच वरच्या अर्ध्यासाठी, पाच खालच्या. ५० ठिपके रुंदीचा एकच तुकडा रिकामा दिसला तर ती एक चिप किंवा तिची जोडणी गेली. हे दुरुस्त होतं, पण काम नाजूक आहे. असं यंत्र स्वस्तात मिळालं तरच घ्या.

वीज. अमेरिकेतला मूळ अॅडॅप्टर १२० व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० वर लावला की जळेल. इथे ६ व्होल्टचा अॅडॅप्टर घ्यायचा आणि त्याचं मधलं टोक उणे हवं. बाजारातले बहुतेक अॅडॅप्टर उलटे, मधे अधिक असतात, तेव्हा मीटर लावल्याशिवाय खुपसू नका. खरं तर अॅडॅप्टरची गरजच कमी पडते. चार एए सेलवर हे यंत्र सुमारे २० तास चालतं. रिचार्जेबल सेलही चालतात, पण त्यांचा व्होल्टेज शेवटी झपकन पडतो, त्यामुळे सेल संपत आल्याचा लाल दिवा लागल्यावर मिळणारा अवधी कमी होतो.

सगळं बसवल्यावर तळाचं मेमरी पॉवरचं बटण चालू करा (हे विसरल्यामुळे 'बंद पडलेली' यंत्रं थोडी नाहीत), मग कंट्रोल आणि पॉज दाबून ठेवून मागचं रिसेट दाबा. मेनू येईल, कोपऱ्यात मोकळी जागा दिसेल. २९६३८ म्हणजे पूर्ण ३२ केबी, २१४४६ म्हणजे २४, ५०६२ म्हणजे फक्त ८. बसवलेल्या रॅमपेक्षा आकडा कमी आला तर एखादं ८ केबीचं मॉड्यूल मेलेलं किंवा सॉकेटमध्ये सैल आहे. वर्षापुढचे '१९' रॉममध्येच (न बदलणाऱ्या मेमरीत) कोरलेले असल्याने २०२५ साठी २५ टाकलं तरी मेनूत १९२५ दिसेल. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षासाठी जागाच नाही.

आता ज्यासाठी हा सोस करायचा ते लिहिणं. पूर्ण आकाराचा, खोल दबणारा कीबोर्ड, ४० अक्षरांच्या ८ ओळी, आणि बटण सरकवताच मेनू. थांबणं नावाचा प्रकार नाही. बातमीदार हा यासाठीच काखोटीला मारून फिरत. आतल्या रॉमचा बराचसा कोड बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला. इतकं प्रत्यक्ष लेखन त्यांनी पुन्हा कुठल्या उत्पादनात केलं नाही. उणं सांगायचं तर स्क्रीनमागे दिवा नाही आणि देवनागरी नाही. एका अक्षराला ६ बाय ८ ठिपके मिळतात, त्यात वेलांटी आणि रफार बसवणार कुठे? मराठीत लिहायचं तर रोमन लिपीतच.

मजकूर बाहेर काढणं सोपं आहे. मागचा २५ पिनांचा सीरियल पोर्ट, नल मोडेम केबल (पाठवायची आणि घ्यायची तार अदलाबदल केलेली) आणि यूएसबी-सीरियल कनव्हर्टर एवढं लागतं. टेक्स्ट या आतल्याच लेखनाच्या प्रोग्राममध्ये एफ३ दाबून नावाच्या जागी कॉम, कोलन आणि ८८एन१ई (COM:88N1E) लिहा; ९६०० बॉडच्या वेगाने मजकूर संगणकावर उतरतो. उलट दिशेने पाठवताना अक्षरं गळतात. यंत्राचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा, ६४ बाइटचा आहे आणि 'थांब' म्हटल्यावरही कनव्हर्टर आधीच भरून ठेवलेली अक्षरं सोडत राहतो. वेग १२०० वर आणा, आणि फाइलच्या शेवटी कंट्रोल-झेड पाठवा, नाहीतर ते वाटच बघत राहील. ३०० बॉडचा आतला मोडेम आज निरुपयोगी आहे.

१९८३ मध्ये ८ केबीची किंमत १०९९ डॉलर होती, २४ केबीची १३९९. आज दोन्हींत निवड असेल तर २४ चंच घ्या, कारण ही मॉड्यूलं साध्या रॅम चिपसारखी सहज मिळत नाहीत. विकणाऱ्याकडून मेनूतला आकडा स्पष्ट दिसणारा आणि उघडलेल्या बोर्डाचा, असे दोन फोटो मागवा. दुसरा द्यायला तो तयार नसेल तर बॅटरी फुटलेली आहे असं धरूनच भाव करा.