सलूनसाठी एअर प्युरिफायर घ्यावा की एक्झॉस्ट फॅन?

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एक्झॉस्ट फॅन बसवा. सलूनमधला मोठा त्रास वायूंचा आहे: हेअर कलरमधला अमोनिया, स्प्रेमधली द्रावकं आणि स्मूदनिंगच्या (केस सरळ-मऊ करण्याच्या) वेळी 230 अंशांच्या आसपास तापलेलं मशीन केसांवरून फिरलं की सुटणारं फॉर्मल्डिहाइड. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत ते गट 1 मध्ये, म्हणजे माणसाला कर्करोग करणारं. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ छापलेलं असलं तरी घटकांची यादी वाचा. मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड दिसलं, तर तापल्यावर तोच वायू निघू शकतो. ग्राहक दोन-तीन तासांत घरी जातो. कारागिराचं नाक मात्र रोज त्या वाफेपासून फूटभरावर असतं.

प्युरिफायरचा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, वायू आरपार जातो. कार्बनचा थर असतो, पण पातळ, आणि साधा कार्बन अमोनिया किंवा फॉर्मल्डिहाइड फारसं धरत नाही. प्युरिफायर कामाला येतो ब्लीच पावडरच्या धुळीसाठी. त्यातल्या परसल्फेटमुळे दमा जडू शकतो, तेव्हा ती धूळ किरकोळ नाही. तरी न उडणारी पावडर किंवा पेस्ट वापरणं जास्त सरळ.

एक्झॉस्टचा हिशेब असा: 20 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे 2400 घनफूट. तासाला 10 वेळा हवा बदलायची तर मिनिटाला 400 घनफूट ओढ लागते. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, डक्टला, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीला, वळणं आली की तो घटतो. म्हणून दीडपट क्षमतेचा घ्या. सर्रास होणारी चूक म्हणजे फॅन दाराच्या डोक्यावर बसवणं. आलेली ताजी हवा तिथूनच बाहेर जाते आणि खुर्च्यांभोवतीची तशीच कोंडून राहते. हवा समोरच्या बाजूने आत यायला हवी. जाळीवर टिश्यू पेपर धरून सोडा: चिकटून राहिला तर ठीक, गळला तर पाती केसांनी-धुळीने माखली आहेत, नाहीतर हवा आत यायला वाटच नाही. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा गार करून फिरवतो.

ब्लीच-स्मूदनिंग रोजचं असेल, तर त्या खुर्चीपाशी वाफ ओढणारी लवचिक नळी वेगळी हवीच. तोंड केसांपासून चार-पाच इंचांवर ठेवा. तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. दुसरं टोक थेट बाहेर काढा. एन95 मास्कवर इथे भिस्त ठेवू नका, तोही वायू अडवत नाही.