नेहरू तारांगणातील सोयूझ टी-१० : ग्वाल्हेरकरांनी वेळ काढून पाहावी अशी अवकाशकुपी

ग्वाल्हेरची मराठी मंडळी दिल्लीला जातात ती बहुधा कचेरीच्या कामासाठी, लग्नकार्यासाठी किंवा पुढची गाडी पकडण्यासाठी, आणि मधे चार तास मिळालेच तर लाल किल्ला नाहीतर कुतुबमिनार पाहून घेतात. या वेळी वहिनी आणि पुतण्याला घेऊन मी तीन मूर्ती भवनाच्या आवारातील नेहरू तारांगणात मुद्दाम गेले, आणि तेही तेथील एका वस्तूसाठी. राकेश शर्मा ज्या सोव्हिएत यानातून ११ एप्रिल १९८४ रोजी पृथ्वीवर परतले, त्या सोयूझ टी-१० ची खरीखुरी अवकाशकुपी तेथे ठेवलेली आहे. प्रतिकृती नव्हे, अवकाशातून आलेली मूळ वस्तू.

या कुपीविषयी एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, कारण अनेक लेखांत आणि पर्यटन-माहितीत ती उलटी छापलेली असते. राकेश शर्मा या यानातून वर गेले नव्हते. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरच्या प्रक्षेपणतळावरून युरी मालिशेव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह या सोव्हिएत अंतराळवीरांसह ते निघाले ते सोयूझ टी-११ मधून. टी-१० हे यान फेब्रुवारीपासूनच साल्यूत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकाला जोडलेले होते; किझिम, सोलोव्ह्योव्ह आणि डॉक्टर असलेले आत्कोव्ह हे तिघे त्यातून तेथे पोहोचले होते आणि दीर्घ मुक्काम करणार होते. पाहुण्यांनी आपले नवे यान स्थानकावर ठेवायचे आणि आधीपासून असलेले जुने घेऊन परतायचे, अशी तेव्हाची पद्धत होती, कारण अवकाशात यान फार काळ राहिले की त्याचा भरवसा कमी होतो. प्रत्येकाच्या शरीराच्या मापाने साचा घेऊन बनवलेले आसनाचे अस्तर मात्र एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावे लागे. हे लक्षात ठेवून कुपीसमोर उभे राहिले, तर ती परत येण्यासाठी घडवलेले यंत्र आहे हे नजरेला पटत जाते.

तिचा व्यास सुमारे २.२ मीटर, उंचीही साधारण तितकीच, आकार वर निमुळता आणि खाली पसरट. बाहेरचा पृष्ठभाग करपलेला, काळपट-तपकिरी, चुलीवर वर्षानुवर्षे चढलेल्या पातेल्याच्या बुडासारखा. वातावरणात शिरताना पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की बाहेरचा थर मुद्दाम जळू द्यावा लागतो; तो जळताना उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो आणि आतील माणसे सुरक्षित राहतात. तळाची मुख्य उष्णतारोधक ढाल जमिनीपर्यंत येतच नाही. पॅराशूट उघडल्यावर ती खाली टाकून दिली जाते, कारण तिच्यामागे लपवलेल्या लहान रॉकेटांना मोकळी वाट हवी असते. गोल खिडक्याही अवश्य निरखून पाहाव्यात : त्यांची बाहेरची काच काजळून जाते आणि तीही वाटेतच निघून पडते, म्हणजे खाली उतरताना आतल्यांना बाहेरचे दिसू लागते.

पुतण्याने विचारले, “आत्या, यात तीन माणसे बसली कशी?” पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न येत असावा, आणि त्याच्या उत्तरात सोयूझच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण दडलेले आहे. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ परतत असताना यानाचे भाग सुटे होण्याच्या क्षणी एक झडप उघडली, कुपीतील हवा निघून गेली आणि तिघेही अंतराळवीर दगावले. त्यांच्या अंगावर हवेचा दाब टिकवणारे दाबपोशाख नव्हते. तिघांनी पोशाखांसह बसावे एवढी जागाच आत नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षे सोयूझमधून दोघेच जात राहिले. आतील यंत्रणा नव्याने रचून तिसऱ्या पोशाखधारी माणसाला जागा करून देणारी आवृत्ती म्हणजे सोयूझ टी, आणि तिच्यातून तिघे प्रथम गेले ते १९८० साली. हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, पण ३५ वर्षांच्या एका भारतीय स्क्वाड्रन लीडरला आसन मिळू शकले, त्यामागे ही सुधारणा होती. गुडघे छातीजवळ घेऊन, जवळजवळ पाठीवर पडून तिघांनी प्रवास करायचा. मी हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो भिंतीशी उकिडवा बसून अंदाज घेऊ लागला आणि वहिनींनी त्याला बसू दिले.

उतरण्याचा शेवटचा भाग मला सर्वांत थरारक वाटतो. सुमारे १,००० चौरस मीटरचे मुख्य पॅराशूट वेग बराच कमी करते, तरीही तो हाडे मोडण्याइतका उरतो. म्हणून जमीन एक मीटरहूनही जवळ आली की तळाची रॉकेटे क्षणभर पेटतात आणि आसने आधीच वर उचललेली असल्यामुळे उरलेला धक्का ती पचवतात. टी-१० अशीच कझाकस्तानातील आर्कालिकजवळच्या गवताळ मैदानात उतरली. शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये परतले तेव्हा त्यांची कुपी समुद्रात उतरली. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे पाहिलेल्या मुलांना जमिनीवर उतरणारी कुपी दाखवून दोन्हींतील फरक समजावून देता येतो.

राकेश शर्मांचा अवकाशपोशाख आणि त्यांची मोहीम-नोंदवहीही तारांगणात आहेत. मोहिमेतले सहकारी स्त्रेकालोव्ह यांच्याबद्दलही मुलांना जरूर सांगावे : सप्टेंबर १९८३ मध्ये उड्डाणाआधीच त्यांच्या रॉकेटला तळाशी आग लागली आणि बचाव-रॉकेटाने कुपी उचलून दूर नेल्यामुळे ते वाचले. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी हा मनुष्य पुन्हा रॉकेटात जाऊन बसला. महाराजपुऱ्याच्या विमानतळावरून उठणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज ऐकत वाढलेल्या आपल्या गावच्या मुलांना अशा धैर्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बहुतेक प्रेक्षक आकाशदर्शनाच्या खेळासाठी येतात आणि कुपीपुढे एक छायाचित्र काढून पुढे सरकतात, याचे मला फार वाईट वाटले. माझा आग्रह असा की कुपी आधी पाहावी आणि खेळ नंतर, म्हणजे खेळाची वेळ गाठण्याच्या घाईत ती राहून जाणार नाही. दिल्ली दाखवणाऱ्या खासगी बसगाडीने गेलात तर तेथे निवांत थांबता येणार नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तशा गाडीवाल्याने दाराशी सोडून लगेच परत बोलावले होते. त्यापेक्षा नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने थेट लोक कल्याण मार्ग गाठावे आणि तेथून रिक्षा करावी. सोमवारी सुट्टी असते. शाळेची सहल न्यायची असेल तर मुलांचे लहान गट करावेत, कारण खिडकी आणि करपलेला थर जवळून पाहायला एका वेळी थोडीच मुले उभी राहू शकतात, आणि शिक्षकांपैकी एकाने तरी टी-१० आणि टी-११ मधला फरक नीट वाचून जावे.