रहस्यकथा की ऐतिहासिक कादंबरी?

भाचीला पहिली कादंबरी लिहायचीय, पण खुनाचा तपास घ्यावा की पेशवाई, यावर गाडी अडलीय.

आधी अभ्यास. पेशवाईसाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पण अस्सल कागद मोडीत, म्हणजे सुरुवात लिपी शिकण्यापासून. शिवाय चूक कुठेही दबा धरून बसलेली. पात्राच्या तोंडी ‘पाच मिनिटं थांबा’ चालत नाही. तिथे पळं आणि घटका, आणि घटका म्हणजे 24 मिनिटं. ताटातले पदार्थ, दिवे, नाणी, सगळीकडे हीच तपासणी. रहस्यकथेला अभ्यास कमी लागतो, पण लागतोच. 1 जुलै 2024 नंतरच्या खुनाला कलम 302 लावलं की जाणता वाचक हसणार. आता ते 103 आहे.

रचनेत मात्र पारडं उलटं फिरतं. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर काय झालं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शेवट लपवायची कटकट नाही. रहस्यकथेत शेवट आधी ठरवून मागे विणत यावं लागतं. अकराव्या प्रकरणात एक किल्ली बदलली की तिसरं उसवतं. त्यात सीसीटीव्ही आणि मोबाइलचं लोकेशन यांनी निम्मे जुने डाव बाद केलेत.

अलंकारिक भाषा दोन्हीकडे बेतानेच. (ऐतिहासिकवाल्यांना हे पटत नाही.)

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या, कोडी आवडणाऱ्या आणि पुनर्लेखनाला न कंटाळणाऱ्या माणसाने रहस्यकथा घ्यावी. दफ्तरात रमणाऱ्याने, घाई नसेल तरच, पेशवाई. भाचीला मी रहस्यकथाच सुचवलीय.